हद्द कायम

अर्जदार मोरेश्वर घरत. मोजणीचा प्रकार : हद्द कायम.
हरकत शेवंती म्हात्रे यांची, लगतची वाडी.
दोघांच्या मधे फिरंग्यांची भिंत,
आणि भिंतीच्या पोटातून उगवलेला एक माड.
वर्षाला ऐंशी नारळ, घरत म्हणाले.
शंभर, शेवंतीबाई म्हणाल्या, यांना मोजता कुठे येतं.

रेवदंड्यात एसटी शिरते ती तटाला पडलेल्या खिंडीतून.
वर आता काहीच नाही, नुसतं आभाळ,
तरी कंडक्टरनं मान खाली घातली,
जणू कमान लागेल.

सकाळीच लेकीचा फोटो आला होता.
इंग्लंडात, पार उत्तरेला, रोमन लोकांची भिंत,
तिच्यावर हात टेकून ही उभी, लाल टोपी, मागे मेंढ्या.
खाली लिहिलेलं : बाबा, तुमच्याच खात्याचं काम दिसतंय.
इथे म्हणे रोम संपायचं.

इथे काय संपायचं, ते पाटीवर नाही. पाटीच नाही.
तटावर सोडे वाळत घातलेत.
तोफेच्या झरोक्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलीय,
आम्ही जवळ गेलो तशी तिनं नेम धरून पाहिलं.

हरेशनं फितीचं टोक धरलं.
नकाशावर ही भिंत म्हणजे पेन्सिलीची रेघ,
शिसं नीट टोकलं तर केसाएवढी.
जमिनीवर : दोन मीटर नव्वद.
एवढ्या जाडीत हद्द जाते कुठून?
आतल्या अंगानं गेली तर माड घरतांचा,
बाहेरच्या अंगानं गेली तर बाईंचा,
मधून गेली तर बुंध्यातून,
आणि झावळ्या काय, वारा म्हणेल तिकडच्या.

पंच म्हणून मानुएल रोचा आले होते, कोर्लईहून,
पूल ओलांडून, सायकलवर.
त्यांच्या घरात अजून त्या लोकांची मोडकी बोली बोलतात.
म्हणाले, साहेब, फीत म्हणालात ना आत्ता? शब्द त्यांचा.
घमेलं त्यांचं, मेस्त्री त्यांचा, पगारसुद्धा त्यांचाच.
मग हसले : आता ही भिंत चढवणाऱ्यांना
पगार मिळाला का, ते मला विचारू नका.

मी हातातल्या फितीकडे पाहिलं.
तीस वर्षं हिच्यावर पोट भरलं, कधी नाव-गाव विचारलं नव्हतं.
आणि हद्द? ती तर अरबी,
घोड्यांबरोबर उतरली असेल चौलच्या बंदरात.
दगड तेवढा इथला. काळा,
कुणाचीच भाषा न शिकलेला.

ते राहू दे हो, शेवंतीबाई म्हणाल्या, माड कुणाचा?
त्यांच्या मागे सुपारी उभी होती, सरळ, ओली, हिरवीगार.
सासू सांगायची, या म्हणाल्या,
भिंत आहे म्हणून खारं वारं आत येत नाही.

घरत काहीच बोलले नाहीत.
त्यांची वाडी भिंतीबाहेर, समुद्राच्या तोंडावर.
माडांचे शेंडे करपलेले, सुपारी धरतच नाही,
विहिरीचं पाणी फेब्रुवारीत मचूळ होतं.
आजोबांनी स्वस्तात घेतली, एवढंच म्हणाले,
आणि चपलेनं वाळू उगाच सारखी करत राहिले.
तेव्हा मला कळलं की अर्ज ऐंशी नारळांचा नाही.
पण तसा रकाना आमच्या नमुन्यात नाही.

भिंतीवर चढून चतुःसीमा लिहायला घेतली :
पूर्वेस तट. दक्षिणेस पाणंद.
उत्तरेस इनामाचं पडीक रान.
पश्चिमेस समुद्र.
समुद्रापुढे गट नंबर लिहायचा राहून गेला, असं वाटलं क्षणभर.

दुपारी लेकीला विचारलं :
तू त्या भिंतीच्या कुठल्या अंगाला उभी होतीस, आतल्या की बाहेरच्या?
बऱ्याच वेळानं उत्तर आलं :
कळत नाही बाबा. दोन्हीकडे मेंढ्याच आहेत.

खुणा रोवल्या. सह्या झाल्या. बाईंनी अंगठा दिला,
घरतांनी सही केली, भिंतीवरच कागद टेकवून.
माडाविषयी मी लिहिलं : जागेवर आहे.
हरेश फीत गुंडाळत होता, थांबून थांबून पुसत,
समुद्राकडच्या टोकाला ती चिकट झाली होती.